माळ्यावरच्या बाटल्या : प्रकल्प नोंदी, दांडिया बाजार, बडोदे

१२ एप्रिल २०२५

पावसाच्या आत मागच्या पडवीचं छप्पर बदलायचं आहे. कडिया (गवंडी) म्हणतो, माळा रिकामा करून द्या, मग हात लावतो. माळ्यावर गणपतीचं मखर, एक मोडका पाळणा आणि बाकी सगळ्या बाटल्या. काकू लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून बाटली अशी टाकलेलीच नाही. सरबताच्या, औषधाच्या, तेलाच्या, मधाच्या, हॉर्लिक्सच्या, आणि गेल्या वीसेक वर्षांत त्यांच्या डोक्यावर चढून बसलेल्या प्लॅस्टिकच्या.

काकूची अट : "उपयोगाची एकही जाता कामा नये." माझी अट : उपयोग तोंडाने सांगता आला पाहिजे, "कधीतरी लागेल" चालणार नाही. पुतणी सुट्टीला आली आहे. तिची अट, मोबाइलवर पाहिलेलं थोडं तरी करून बघायचं. तिन्ही अटी मान्य. वही मी ठेवणार. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, वही उघडल्याशिवाय मला काम सुरू केल्यासारखं वाटत नाही.

१३ एप्रिल

सगळा माल चौकात उतरवला. मी सवयीने काच एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे असे ढीग लावले. काकू जेवणानंतर येऊन बघून गेली आणि तासाभरात तिने ते सगळे मोडून आपले लावले. तिचे ढीग तीन : हात जातो ती, चमचा जातो ती, आणि काहीच जात नाही ती.

"काच का प्लॅस्टिक ते मग बघ," म्हणाली. "आत हात गेला नाही तर घासणार कशी? आणि घासता येत नाही त्यात लोणचं भरणार आहेस का?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. हात जातो ती बरणी : डाळी, पापड, लोणचं. चमचा जातो ती तूप, मध, मोरांबा. काहीच जात नाही ती ओतायच्या वस्तूंची : तेल, आगळ, सरबत. घट्ट वस्तू अरुंद तोंडात भरली की थंडीत तूप थिजतं आणि बाटली उन्हात ठेवून वाट बघत बसावं लागतं. पातळ वस्तू रुंद तोंडातून ओतली की अर्धी ओट्यावर जाते.

गंमत म्हणजे काचेच्या कारखान्यातही विभागणी तोंडावरूनच होते. अरुंद गळ्याच्या बाटलीला काचेचा वितळलेला गोळा साच्यात दोनदा फुंकून आकार देतात. रुंद तोंडाच्या बरणीला आधी दट्ट्याने दाबतात, मग फुंकतात. काकूने कारखाना आतून कधी बघितलेला नाही.

१६ एप्रिल

आजचा दिवस बुडं वाचण्यात गेला. कामाच्या दृष्टीने फुकट, पण मला कोणी विचारत नव्हतं.

बाटलीच्या बाजूला साच्याची शिवण दिसते. ती ओठाच्या वरपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावर झालेली. शिवण खांद्यापाशी किंवा मानेत संपत असेल तर ओठ नंतर हाताने घडवलेला, म्हणजे बहुधा जुनी. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ साली आलं आणि हाताची बाटली हळूहळू मागे पडली. आमच्याकडच्या दोनतीन औषधाच्या बाटल्यांची शिवण मानेतच थांबते. त्या बाजूला ठेवल्या.

चार-पाच ग्लासांच्या आणि एका बरणीच्या बुडाला 'येरा' हा छाप. म्हणजे गावातलीच. अलेंबिक ही औषध कंपनी १९०७ साली बडोद्यात निघाली ती त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी मिळून. सुरुवातीला मद्यार्क आणि टिंक्चर. पुढे त्याच घराण्याचा काचेचा कारखाना आणि त्यातून येराचा माल. बडोद्यातल्या मराठी घरांत कोटीभास्करांचं नाव जरा जास्त ठासून घेतात. मीही घेतलं.

एका चपट्या बाटलीवर कागदाची पट्टी अजून चिकटलेली आहे, कडेला कातरीने खाचा पाडलेली. कंपाउंडर मिक्श्चर भरून द्यायचा आणि एक खाच म्हणजे एक डोस. दवाखान्यात जाताना घरून बाटली न्यायची, नाहीतर बाटलीचे वेगळे पैसे. पुतणीला हे खरं वाटेना.

आणि एक बाटली गोळी सोड्याची. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली रचना : बाटली उलटी धरून भरायची, सरळ करताना आतली काचेची गोळी गॅसच्या दाबाने मानेतल्या रबरी कड्याला घट्ट बसते. बूच नाही, झाकण नाही. पिताना मानेतल्या दोन खळग्यांची बाजू खाली धरली की गोळी त्यांत अडकते आणि सोडा वाहतो. उलट बाजूने धरली तर गोळी पुन्हा येऊन तोंड बंद करते. लहानपणी आम्हाला या बाटलीचा एकच उपयोग माहीत होता, फोडून गोटी काढणे. काकूच्या तिन्ही ढिगांत ती बसत नाही. पुतणीने मागितली, देऊन टाकली.

१९ एप्रिल

धुणं. आत हात न जाणाऱ्या बाटल्यांसाठी मूठभर कच्चे तांदूळ, थोडं कोमट पाणी, चमचाभर खायचा सोडा, आणि दंड दुखेपर्यंत हलवणे. तांदूळ काचेला चरे पाडत नाहीत, वाळू पाडते. पांढरा क्षार धरला असेल तर आधी लिंबाचं पाणी किंवा व्हिनेगर रात्रभर.

लेबल कोमट पाण्यात सुटतं, मागे राहिलेला डिंक सुटत नाही. त्याला खोबरेल चोळून तासभर ठेवायचं, मग फडक्याने पुसायचं. काचेचं बूच अडकलेल्या दोन बाटल्या होत्या. गरम पाण्यात पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती गुंडाळलं. मान प्रसरण पावते, बूच अजून थंड असतं, तेवढ्या फटीत ते फिरतं. जोर लावायचा नाही. जोर लावणाऱ्यांच्या हाताला टाके पडलेले मी नोकरीत पुष्कळ पाहिले.

२४ एप्रिल

प्लॅस्टिक. बुडाच्या त्रिकोणात १ असेल तर पेट : पाणी, थंड पेय, खायचं तेल. २ असेल तर एचडीपीई : फिनाइल, शाम्पू, पाच लिटरचे कॅन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, डब्यांत आणि झाकणांत जास्त.

आकडा पुसट असेल तर बादली. पेट पाण्यापेक्षा जड, घनता १.३८ च्या आसपास, तुकडा बुडतो. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. म्हणून एकाच बाटलीचं झाकण वर राहतं आणि अंग तळाला जातं. पुनर्वापराच्या कारखान्यात चुरा केल्यावर पाण्याच्या टाकीत नेमकं हेच करतात. पुतणीने एक बाटली कातरून बादलीत टाकली. निळं झाकण वर आलं आणि ती खूश.

दुसरा प्रयोग गरम पाण्याचा. पेट साधारण ७० ते ८० अंशांना मऊ पडतं. चहाचं उकळतं पाणी ओतल्याबरोबर पाण्याची बाटली कुबड काढून आखडली. काकू शेजारच्या भाभींना मुद्दाम हाक मारून दाखवायला घेऊन आली, कारण त्या गरम तूप तेलाच्या रिकाम्या बाटलीत गाळतात. तूप पूर्ण निवल्यावर भरलं तर गोष्ट वेगळी. पण मग ते काढणार कसं, हा काकूचा प्रश्न उरतोच.

थंड पेयाच्या बाटलीचं बूड पाच पाकळ्यांचं असतं आणि पाण्याच्या बाटलीच्या अंगाला कड्या. पहिली आतला दाब सोसायला, दुसरी पातळ भिंतीला ताठपणा द्यायला. पेटच्या बाटलीचं पेटंट नॅथॅनिएल वाएथ यांचं, १९७३ चं, आणि तेही सोड्याचा दाब सोसणारं प्लॅस्टिक शोधता शोधताच. म्हणून बागेत किंवा कामाच्या जागी टिकायला हवी तिथे सोड्याचीच घ्यावी. पाण्याची दोन महिन्यांत चेपते.

२ मे

खंडेराव मार्केटातून राजापुरी कैरी आली. आठवडाभर प्रकल्प स्वयंपाकघरात. छुंदा, म्हणजे किसलेल्या कैरीचं गोड लोणचं, उन्हात आहे, पातेल्यावर मलमल बांधून. तो तयार होईपर्यंत बरण्या तयार हव्यात.

काचेच्या बरण्या उकळायच्या तर पातेल्याच्या तळाला फडकं, त्यावर बरण्या, थंड पाणी, आणि मग गॅस. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं. उकळत्या पाण्यात थंड बरणी सोडली की ती तडकते. काच उष्णता हळू पोचवते, बाहेरचा थर फुगतो आणि आतला मागे राहतो. बरण्या कोरड्या होईपर्यंत उलट्या ठेवू नयेत, वाफ आत कोंडते. आडव्या ठेवाव्यात.

लोखंडी पत्र्याच्या झाकणांचं लोणच्याशी जमत नाही. मीठ आणि आंबट दोन्ही गंज आणतात, मग त्या गंजाचे ठिपके वरच्या तेलात दिसतात. काकूने अशी सगळी झाकणं बाजूला काढून बरण्या डाळींना दिल्या. लोणच्याला काचेच्या झाकणाची किंवा चिनी मातीची बरणी.

आगळ रत्नागिरीहून येतं ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. ते स्क्वॉशच्या अरुंद तोंडाच्या बाटल्यांत भरलं. पन्ह्याचा गरही तिथेच जाणार होता. तो घट्ट, म्हणून चमचा जाणाऱ्या ढिगातल्या बाटल्या घेतल्या. आता मीही काकूसारखाच बाटलीच्या तोंडात दोन बोटं घालून बघतो.

तपकिरी बाटल्या खाण्यासाठी घेतल्या नाहीत, त्या औषधाच्या होत्या. पण टाकल्याही नाहीत. तपकिरी काच निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश अडवते, म्हणूनच आयोडिनसारखी उजेडाने बिघडणारी औषधं तिच्यात ठेवतात. काकूचं माक्याचं तेल आता तिथे.

८ मे

आज एकच नोंद, पण मोठ्या अक्षरात लिहावी अशी. पडवीच्या कोनाड्यात थंड पेयाच्या बाटलीत पिवळट पातळ काहीतरी निघालं. लेबल नाही. वास घेतल्यावर कळलं, टॉयलेटचं ॲसिड. कोणी कधी भरून ठेवलं ते कोणालाच आठवत नाही.

प्रयोगशाळेत नियम होता : ज्यावर लेबल नाही ते विष. घरात तो आणखी कडक हवा, कारण घरात मुलं येतात आणि बाटली ओळखीची दिसली की ती तोंडाला लावतात. फिनाइल, ॲसिड, रॉकेल, थिनर, किडीचं औषध, यांतलं काही पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत भरायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात राहील. आणि उलटही : ज्यात हे होतं तो डबा धुऊनसुद्धा स्वयंपाकघरात येणार नाही. काकूने यावर वाद घातला नाही. तिने ते ॲसिड तिथेच संडासात ओतून संपवलं आणि बाटली चेपून कचऱ्यात टाकली.

११ मे

मनीप्लांटसाठी बाटली निवडताना पंचाईत. सगळ्यांत देखणी, जाड काचेची, चौकोनी अंगाची बाटली रमची निघाली. पुण्याचे कोणी पाहुणे विसरून गेले असावेत, असं काकूचं म्हणणं. महाराष्ट्रात अशी बाटली खिडकीत ठेवली तर कोणी वळूनही बघणार नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. खिडकीतल्या मनीप्लांटवरून समोरच्या वाड्यात काय चर्चा होईल ते मला माहीत आहे. पुतणीने तिच्यावर सुतळी गुंडाळली. त्यामुळे आता ती जास्तच संशयास्पद दिसते.

१८ मे

काच कापणे. रॉकेलात भिजवलेली दोरी बांधून पेटवायची आणि थंड पाण्यात बुडवायची, हा व्हिडिओतला प्रकार मी नाकारला. तडा कुठे जाईल याचा भरवसा नाही. आम्ही काचकटरने एकच सलग रेघ मारली, त्या रेघेवर उकळतं पाणी आणि नळाचं पाणी आलटून पालटून ओतलं. रेघेत काच कमजोर झालेली असते, त्यामुळे तडा तिथूनच धावतो. निदान धावायला हवा. शिवणीपाशी जाडी बदलते, तिथे तो हमखास वाकडा जातो. स्क्वॉशच्या बाटल्या बऱ्या कापल्या गेल्या, सॉसच्या नाही.

कडा वॉटर पेपरने, पाण्याखाली धरूनच. कोरडी घासली तर काचेची भुकटी नाकात जाते. डोळ्यांवर चष्मा.

हाती आलं काय? तीन पेनस्टँड आणि एक दिव्याची काच. यासाठी एवढी मेहनत करावी असं मला वाटत नाही. बाटलीचं तोंड आणि झाकण हेच तिचं खरं भांडवल, ते कापून टाकलं की उरतो तो ओबडधोबड ग्लास. ग्लास येराचे भरपूर आहेत. पुतणीचं मत वेगळं. दिवा तिच्या खोलीत लागला आहे, आणि दिसतो चांगला.

२५ मे

नवे पत्रे चढले. पडवीत दिवसाही अंधार, म्हणून बाटलीचा दिवा. ब्राझीलमधल्या उबेराबा गावच्या आल्फ्रेडो मोझेर या मेकॅनिकने २००२ मध्ये वीज जात असताना काढलेली युक्ती, २०११ पासून फिलिपिन्समधल्या वस्त्यांत हजारो घरांत पोचलेली. दोन लिटरची स्वच्छ पारदर्शक पेट बाटली, काठोकाठ स्वच्छ पाणी, शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लीच. पत्र्याला बाटलीच्या घेराचं भोक, बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा छपराबाहेर, बाकी आत. वर पडलेलं ऊन पाण्यातून वळून खाली खोलीभर पसरतं. नुसत्या भोकातून उन्हाचा एक कवडसा पडला असता. भर उन्हात ४० ते ६० वॉटच्या बल्बइतका उजेड. रात्री अर्थात शून्य.

कडिया भोक पाडायला तयार होईना. "साहेब, आखुं छापरुं काणां पूरवा बदल्युं, ने हवे तमे ज काणुं पाडवानुं कहो छो?" म्हणजे, भोकं बुजवायला सगळं छप्पर बदललं आणि आता तुम्हीच भोक पाडायला सांगता?

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून सगळं काम भोकाच्या कडेवर केलं. पत्र्याचा वेगळा चौकोन, त्यात बाटली आधी घट्ट बसवून सिलिकॉन सीलंट भरलं, चोवीस तास वाळू दिलं, मग तो चौकोन छपराच्या भोकावर रिव्हेट मारून पुन्हा सीलंट. उन्हाने झाकण आधी ठिसूळ होतं, म्हणून त्यावर एक काळी डबी उलटी बसवली. अशा दोन बाटल्या. दुपारी पडवीत उभं राहून पेपर वाचता आला. कडियाने आपल्या घरासाठी माप लिहून घेतलं.

३ जून

बाग आणि मोरी, पटापट.

तुळशीला आणि मोगऱ्याला वातीची बाटली : बाटली मधून कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, झाकणाच्या भोकातून सुती वात खाली पाण्यात. माती हवं तेवढंच पाणी वर ओढते. खालच्या पाण्यावर फट राहू द्यायची नाही, नाहीतर डासांची सोय. तोंड उघड्या बाटल्या अंगणात पावसात ठेवणं तर पूर्ण बंद. डेंग्यूच्या डासाला झाकणभर पाणी पुरतं.

जुन्या मोठ्या फ्लशच्या टाकीत एक लिटरची बाटली, खडे आणि पाणी भरून, घट्ट बंद. दर फ्लशला लिटरभर पाणी वाचतं. दिवसातून वीस वेळा धरलं तर वीस लिटर. वीट ठेवू नये, ती झिजून चुरा व्हॉल्व्हमध्ये जातो. बाटली दांडीला अडत नाही एवढं बघून घ्यायचं. नव्या लहान टाकीत हा उद्योग करू नये, दोनदा फ्लश करावं लागतं.

एचडीपीईचा मुठीचा कॅन तिरका कापला की कोंड्याचं, खताचं, सिमेंटचं पाळं तयार. कडियाने एक उचललं, परत केलं नाही.

१० जून

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा पाणी सगळीकडे आणि प्यायला नाही, अशी गत झाली होती. म्हणून यंदा पेटच्या दोन लिटरच्या चांगल्या बाटल्या राखून ठेवल्या आहेत. मुसळधार पावसाचा इशारा आला की भरायच्या. काही फ्रीजरमध्ये : गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, तेवढी जागा वर सोडायची, काचेची बाटली फ्रीजरमध्ये नाही. वीज गेली की याच बाटल्या दूध-औषधाभोवती बर्फाचं काम करतात आणि वितळल्यावर प्यायच्या.

पेट बाटली सहा तास कडक उन्हात ठेवून पाणी निर्जंतुक करण्याची पद्धत आहे. स्वित्झर्लंडमधल्या एआवाग या जलसंशोधन संस्थेने तिचा पाठपुरावा केला. पाणी स्वच्छ दिसणारं हवं, बाटली पारदर्शक आणि दोन लिटरपर्यंतची. रसायनं त्याने जात नाहीत. ढग असतील तर सलग दोन दिवस लागतात, आणि पूर येतो तो ढगांतच. आमच्यासाठी उकळणंच खरं.

१४ जून

पस्तीवाला, म्हणजे भंगारवाला, आला. पेट त्याने आनंदाने घेतलं, एचडीपीई त्याहून आनंदाने. काचेकडे बघून मान हलवली. "काचना कंई ना आवे, काकी." काचेचे काही मिळत नाहीत, म्हणे. काच जड, फुटते, आणि एकाच मापाच्या शंभर असतील तरच भरणाऱ्याला परत विकता येतात. आमच्याकडे शंभर प्रकारची एकेक.

काकू दुपारभर गप्प होती. मग तिनेच गोणी उघडली आणि तडा गेलेल्या, ओठ उडालेल्या, झाकण नसलेल्या अशा वेगळ्या काढल्या. "झाकण नाही ती बाटली नाहीच," म्हणाली. ओठ उडालेल्या कागदात गुंडाळून, वर "काच" असं लिहून सुक्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या.

२१ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. पत्र्याच्या दोन बाटल्यांपैकी पूर्वेकडची कोरडी, पश्चिमेकडच्या कडेने ओल. वाऱ्याची बाजू. उघडीप मिळाली की सीलंटचा आणखी एक हात.

फळ्या लागल्या : वर हाताच्या, मध्ये चमच्याच्या, खाली ओतायच्या. झाकणं बरण्यांवरच, वेगळ्या डब्यात नाहीत. फळीत मावतील तेवढ्याच. नवी आली तर जुनी जाईल, हे काकूने कबूल केलं आहे. अद्याप सही केलेली नाही. छपरावरच्या बाटल्यांवर भरल्याची तारीख लिहिली आहे; पाणी हिरवट दिसलं की बाटली बदलायची, शिडी पडवीतच ठेवली आहे.